‘द डार्क नाइट राइजेस’: शेवट खटकतो, की त्याआधीची गती?

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. दादरच्या आपल्या मित्रमंडळाने क्रिस्टोफर नोलन यांचा ‘द डार्क नाइट राइजेस’ (२०१२) हा बॅटमॅनपट पुन्हा एकत्र बसून पाहिला आणि त्यावरून मंडळात दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की, बॉम्बसोबत मेला असे वाटलेला ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, शेवटी फ्लॉरेन्सच्या कॅफेत त्याचा जुना सेवक आल्फ्रेड याला दिसतो, तो आल्फ्रेडचा भास आहे. आणि भास नसेल, तर ब्रूसचा तो शॉट कापून आल्फ्रेडच्या चेहऱ्यावरच थांबायला हवे होते. दुसऱ्या बाजूला शेवट मान्य आहे, मात्र पूर्वार्ध रेंगाळतो आणि उत्तरार्ध धापा टाकत पळतो, अशी तिची तक्रार आहे. संकलकाच्या नजरेतून यांपैकी कोणाचे बरोबर, असे आपण विचारले आहे.

मराठी आणि हिंदी चित्रपटांच्या संकलनात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि अंधेरीच्या एडिट रूममध्ये शेवटाविषयीचे असे वाद मी पुष्कळ ऐकले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, आपल्याकडचे दोन वाद मुळात एकच आहेत. कॅफेतला तो शॉट योग्य आहे आणि तो राहायलाच हवा. तरीही अनेकांचा त्यावर विश्वास बसत नाही, याचे कारण त्या शॉटमध्ये नाही. ते त्याआधीच्या तासाभरात आहे, जिथे चित्रपटाने काळाचा हिशेब सैल सोडला. प्रेक्षकाला मधल्या महिन्यांचे वजन जाणवले नाही, म्हणून शेवटची सुटका त्याला फुकटची वाटते, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीवर माणूस संशय घेतो.

भासाचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याचे उत्तर पडद्यावरच आहे. बॉम्ब फुटल्यानंतर कॅफेपर्यंत पोहोचेस्तोवर चित्रपट ठिकठिकाणी पुरावे ठेवत जातो. वेन यांच्या मालमत्तेच्या यादीतला मोत्यांचा हार सापडत नाही. वेनच्या कंपनीतला ल्युशियस फॉक्स तंत्रज्ञांना बॅटमॅनच्या विमानाच्या ऑटोपायलटबद्दल, म्हणजे चालकाशिवाय विमान उडवणाऱ्या यंत्रणेबद्दल, विचारतो आणि तो सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त झाला होता, दुरुस्ती खुद्द ब्रूस वेनच्या नावावर नोंदलेली आहे, असे त्याला कळते. पोलीस मुख्यालयाच्या गच्चीवर पोलीस आयुक्त गॉर्डनला वटवाघळाच्या चिन्हाचा दिवा नव्याने उभा केलेला आढळतो. तरुण पोलीस ब्लेकच्या हाती एक पिशवी पडते आणि तिच्या आधाराने तो बॅटमॅनच्या गुहेपर्यंत पोहोचतो. यांपैकी एकही गोष्ट आल्फ्रेडच्या नजरेतून आलेली नाही. भास दाखवायचा असता, तर संकलनाने प्रेक्षकाला आल्फ्रेडच्या मनात कोंडून ठेवले असते. इथे मात्र एकमेकांपासून दूर असलेली माणसे आपापल्या जागी, आपापल्या मार्गाने, एकाच निष्कर्षाकडे जाताना दाखवली आहेत. शिवाय कॅफेत ब्रूससोबत सेलिना काइल बसलेली आहे. आल्फ्रेड घर सोडून गेला तेव्हा त्याच्या लेखी सेलिना ही हवेलीत नोकराणीच्या वेशात शिरून तिजोरी फोडणारी चोर होती. त्या दोघांमध्ये पुढे काय घडले, ते त्याने पाहिलेलेच नाही. आपल्या लाडक्या मालकाच्या सुखी संसाराचे स्वप्न रंगवताना त्याने समोर तिलाच का बसवले असते?

ऑटोपायलटच्या त्या सहा महिन्यांकडे जरा बारकाईने पाहावे, असे मला वाटते. खलनायक बेनने गॉथम शहराला घातलेला वेढा साधारण पाच महिने चालतो आणि तो जवळजवळ सगळा काळ ब्रूस एका विहिरीसारख्या तुरुंगात असतो, जिथे बेनने त्याचा कणा मोडून त्याला टाकलेले असते. म्हणजे दुरुस्ती त्याच्या पाठीचा कणा मोडण्याआधीची आहे. निसटण्याचे साधन त्याच्याकडे आधीपासून होते. कमी होती ती जगण्याच्या इच्छेची. ती त्याला विहिरीत मिळते, जेव्हा तिथला वृद्ध कैदी त्याला समजावतो की मरणाची भीती न उरणे हीच त्याची दुर्बलता आहे, आणि मग तो दोराशिवाय वर चढतो. साधन आधी आणि इच्छा नंतर, अशी ही जोडणी आहे. पटकथा म्हणून ती मला फार सुंदर वाटते. अडचण अशी की, साधनाची माहिती आपल्याला अगदी शेवटी, दोन-तीन वाक्यांच्या संवादातून आणि चढत्या संगीताखाली मिळते, आणि इच्छेचा प्रवास जिथे दिसायला हवा तिथे चित्रपट घाईत आहे.

आता ज्या एका कटमुळे भासवाल्यांचा पक्ष बळावला, त्याकडे येतो. ब्रूस बॉम्ब घेऊन समुद्राकडे उडतो. त्या उड्डाणात आपल्याला विमानात बसलेल्या बॅटमॅनचा चेहरा दिसतो आणि त्याला लागूनच बॉम्बच्या घड्याळावरचे अगदी शेवटचे सेकंद दिसतात. त्या बॉम्बचा पल्ला सहा मैलांचा आहे, हे चित्रपटानेच सांगितलेले असते. साधारण शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाने दाखवून दिले की, लागोपाठ आलेले दोन शॉट प्रेक्षक आपोआप जोडतो आणि त्यांतून तिसरा अर्थ स्वतःच तयार करतो. एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाच्या वाडग्याशेजारी ठेवला की लोकांना त्यात भूक दिसली, शवपेटीशेजारी ठेवला की दुःख दिसले. इथेही तेच होते. चेहरा आणि घड्याळ शेजारीशेजारी आले, की शेवटच्या पाच-दहा सेकंदांतही तो आतच आहे, असा अर्थ डोक्यात पक्का बसतो. मग त्यानंतर कितीही पुरावे दिले तरी डोळ्यांनी पाहिलेले मन सोडत नाही. तो मेला असे प्रेक्षकाला काही क्षण वाटावे, हा हेतू उघड आहे आणि तो गैर नाही. पण चेहऱ्याचा तो शॉट उड्डाणाच्या सुरुवातीकडे सरकवला असता आणि घड्याळाच्या आधी केवळ शहरापासून दूर जाणारे विमान ठेवले असते, तरी तोच धक्का बसला असता, आणि नंतर कुणाला फसवणूक वाटली नसती. संकलक ली स्मिथ यांच्याविषयी मला नितांत आदर आहे; पुढे ‘डंकर्क’साठी त्यांना ऑस्कर मिळाले आणि तीन वेगवेगळे काळ एकत्र विणण्याचे त्या चित्रपटातले काम मी आजही विद्यार्थ्यांना दाखवतो. तरीही हा कट मला पटत नाही.

संशयाचे आणखी एक कारण चित्रपटाबाहेरचे आहे. नोलन यांचा याआधीचा चित्रपट ‘इन्सेप्शन’ (२०१०) फिरत्या भोवऱ्यावर संपला होता; तो पडतो की नाही, म्हणजे समोरचे सत्य की स्वप्न, हे त्याने सांगितलेच नव्हते. दोन वर्षांनी तोच प्रेक्षक जेव्हा याच दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट पाहायला आला, तेव्हा शेवटच्या शॉटकडे संशयाने पाहायची सवय त्याला लागलेली होती.

आता गतीकडे वळतो. पूर्वार्ध रेंगाळतो, हे मला मान्य नाही. तो गजबजलेला आहे. सेलिना, ब्लेक, मिरांडा टेट, बेन, डॅगेट, उपायुक्त फोली अशी नवी माणसे त्यात एकामागून एक येतात, आणि प्रत्येकाची ओळख, हेतू आणि दुसऱ्याशी असलेला संबंध सांगण्यात वेळ जातो. माहिती वेगाने येत असते, पण भावना जागच्या जागी थांबलेली असते. अशा वेळी प्रेक्षकाला कंटाळा येतो आणि तो त्याला संथपणा म्हणतो. एडिट रूममध्ये हा अनुभव नेहमीचा आहे: निर्माता म्हणतो, ‘सीन लांबलाय, कापा’, आणि कापला की तो आणखी लांब वाटू लागतो, कारण जे कापले गेले त्यातच पात्राला श्वास घ्यायला जागा होती. मिनिटांची संख्या आणि जाणवणारी गती यांचा थेट संबंध नसतो. ‘जस्टिस लीग’ २०१७ मध्ये सुमारे दोन तासांचा होऊन आला आणि विस्कळीत वाटला. त्याच चित्रीकरणाच्या आधारावर झॅक स्नायडर यांची चार तासांची आवृत्ती २०२१ मध्ये आली, तेव्हा दुप्पट लांबी असूनही पुष्कळांना तीच अधिक सलग वाटली. चार तास सगळ्यांनी बसावे, असे माझे म्हणणे नाही. सायबॉर्ग या पात्राच्या कथेला जागा मिळाल्याबरोबर त्या चित्रपटाची गती सुधारली, एवढेच मला सांगायचे आहे.

उत्तरार्ध पळतो, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे मूळ काळाच्या हाताळणीत आहे. बेन बॅटमॅनचा कणा मोडतो तो प्रसंग चित्रपटाच्या जवळपास मध्यावर आहे. त्यानंतर एकीकडे शहराचा वेढा आणि दुसरीकडे विहीर, असे समांतर संकलन सुरू होते. स्टेडियममधल्या स्फोटांनंतर ऋतू बदलतो, बर्फ पडते, नदी गोठते. काळ पुढे गेला हे त्यावरून कळते, पण तो जाणवत नाही. हजारो पोलीस कित्येक महिने जमिनीखाली अडकलेले असतात आणि बाहेर येतात तेव्हा जणू कालच आत गेले होते, असे दिसतात. ब्रूसचा कणा बरा होतो, तो दोर बांधून पडतो, पुन्हा पडतो, मग दोराशिवाय चढतो. हा सारा भाग हान्स झिमर यांच्या संगीताने आणि कैद्यांच्या घोषाने इतका एकजीव केला आहे की, तो महिन्यांचा न वाटता एका दुपारचा वाटतो. आणि विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस पुढे थेट वेढलेल्या गॉथममध्ये सेलिनासमोर हजर होतो. तो तिथे कसा पोहोचला, हा चाहत्यांचा लाडका प्रश्न आहे. त्याचे तार्किक उत्तर देणे मला आवश्यक वाटत नाही. बॅटमॅनला प्रवासाची सोय करता येते, एवढे मानायला मी तयार आहे. मला तिथे कमी वाटते ती एका शांत मिनिटाची: मरणाला पुन्हा घाबरू लागलेला हा माणूस आपल्या शहरात शिरताना त्या शहराकडे कसा पाहतो, हे दाखवणाऱ्या मिनिटाची. तो बदललेला आहे हे आपल्याला तिथे दिसले असते, तर कॅफेतला माणूस ओळखीचा वाटला असता.

तुलनेसाठी ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) घ्या. १८१ मिनिटांच्या त्या चित्रपटाचा पहिला तास मंद आहे, अशी तक्रार मुंबईत अगदी पहाटेच्या खेळातून बाहेर पडणाऱ्यांकडूनही मी ऐकली. पण तिथले एक काम पाहा. निम्म्या जगाला नाहीसे करणाऱ्या थॅनोसला मारून झाल्यावर पडदा काळा होतो आणि ‘पाच वर्षांनंतर’ ही अक्षरे हळूहळू उमटतात. अर्धी अक्षरे दिसत असताना प्रेक्षकाला पाच दिवस किंवा पाच आठवडे अपेक्षित असतात. त्यानंतर चित्रपट लगेच मोहिमेवर निघत नाही. दुःखाबद्दल बोलायला जमलेली माणसे दिसतात, ओस पडलेले शहर दिसते, नाहीशा झालेल्यांच्या नावांच्या शिळांमध्ये ही सगळी वर्षे अडकून नुकताच परतलेला स्कॉट लँग आपल्या मुलीचे नाव शोधतो आणि मग मोठी झालेली मुलगी दार उघडते. त्या एका दारात पाच वर्षे उभी असतात. शेवटच्या लढाईत जेव्हा गेलेली माणसे परत येतात, तेव्हा सभागृहात जो जल्लोष झाला, तो त्या मंद तासाने कमावलेला होता. जेफ्री फोर्ड आणि मॅथ्यू श्मिट या संकलकांनी तो तास राखला, म्हणून तो शेवट टिकला. ‘राइजेस’ला असे एखादे दार हवे होते.

ते दार आल्फ्रेड होऊ शकला असता. चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात आल्फ्रेड ब्रूसला सांगतो की, तो परागंदा होता त्या वर्षांत आपण दरवर्षी सुट्टीत फ्लॉरेन्सला जात होतो, आर्नो नदीकाठच्या एका कॅफेत बसत होतो, आणि पलीकडच्या टेबलावर ब्रूस बायकामुलांसह दिसेल अशी कल्पना करत होतो. दोघे एकमेकांशी बोललो नसतो, पण सगळे ठीक झाले आहे हे दोघांनाही कळले असते. ही गोष्ट संवादातच न ठेवता संकलनाने त्या कॅफेची झलकही तिथे दाखवली आहे, आणि हा या चित्रपटातला मला सर्वांत आवडणारा निर्णय आहे. एखादी प्रतिमा आधी अपुरी दाखवली, की ती पूर्ण करण्याचे वचन दिले जाते. म्हणूनच आल्फ्रेडच्या चेहऱ्यावर थांबावे, ही आपल्या मित्रांची सूचना मला मान्य नाही. आधीच्या झलकेत समोरच्या टेबलावर तो नव्हता. शेवटी तो तिथे आहे, हे डोळ्यांना दिसले पाहिजे. केवळ चेहऱ्यावर थांबलो असतो, तर दिलेले वचन हुशारीने टाळल्यासारखे झाले असते.

पण त्या वचनानंतर काय होते? भांडण होऊन आल्फ्रेड निघून जातो आणि थेट अंत्यविधीच्या वेळीच पुन्हा दिसतो. म्हणजे ज्याच्या डोळ्यांनी शेवट पाहायचा, तो माणूस सगळा वेढा, सगळी विहीर, सगळी लढाई, इतका वेळ चित्रपटातच नाही. शहराबाहेर कुठेतरी बसून तो गॉथमच्या बातम्या पाहतो आहे, असा एखादा शॉट, संवादाशिवाय, वेढ्याच्या मध्यावर आला असता, तरी एकाच वेळी दोन गोष्टी साधल्या असत्या: महिने जात आहेत हे कळले असते आणि शेवटाचा धागा हातात राहिला असता. माझ्या हाती हा चित्रपट असता, तर अशा एका शॉटचे अतिरिक्त चित्रीकरण करावे म्हणून मी दिग्दर्शकाच्या मागे लागलो असतो.

तिसऱ्या अंकातली घाई दोन ठिकाणी अक्षम्य वाटते. बेनला सेलिना एका कटमध्ये उडवते आणि इतका वेळ ज्याच्या दहशतीवर चित्रपट उभा होता त्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही. आणि ब्रूसच्या विश्वासातली मिरांडा खरी शत्रू निघते तेव्हा उलटे होते: घड्याळ चालू असताना सगळे थांबतात आणि पूर्वकथा ऐकतात. जिथे थांबायचे तिथे पळाले, आणि पळायचे तिथे थांबले.

आपल्याकडच्या प्रेक्षकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हिंदी किंवा मराठी चित्रपट लिहितानाच इंटरव्हल कुठे येणार ते ठरलेले असते आणि आम्ही त्या बिंदूकडे चढत जाईल असे संकलन करतो. हॉलीवूडचा चित्रपट सलग पाहण्यासाठी बांधलेला असतो. मुंबईच्या थिएटरात मात्र तो कुठेतरी मध्येच थांबतो, दिवे लागतात, जाहिराती सुरू होतात. समांतर संकलनावर चालणाऱ्या चित्रपटाला हा खंड फार महागात पडतो, कारण त्याचा वेग साठत जाणारा असतो. शेवटाचेही तसेच. आपल्या एकपडदा थिएटरांत खलनायक मेला की शेवट झाला, असे मानून लोक उठू लागतात, डोअरकीपर दरवाजे उघडतो आणि बाहेरचा उजेड पडद्यावर येतो. ‘राइजेस’मध्ये बॉम्ब फुटल्यानंतरची ती काही मिनिटे हाच खरा शेवट आहे, आणि हार, ऑटोपायलट, गच्चीवरचा दिवा हे सगळे पुरावे नेमके त्याच मिनिटांत आहेत. आपल्या मित्रांपैकी ज्यांनी २०१२ मध्ये थिएटरात तो पाहिला होता, त्यांनी ती मिनिटे खुर्चीत बसून पाहिली होती की उभ्याने, हे त्यांना जरूर विचारा.

आणि वाद घालताना बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. हा चित्रपट कॅफेत संपत नाही. आल्फ्रेड उठून गेल्यानंतर आपण ब्लेककडे येतो; तो पाण्यातून वाट काढत गुहेत शिरतो, त्याच्या पायाखालचा चौथरा वर उचलला जातो आणि तिथे पडदा काळा होतो. जो शेवट प्रेक्षकाला संशयात सोडू पाहतो, तो संशयाची वस्तू सर्वांत शेवटी ठेवतो आणि तिच्यावरच कापतो. ‘इन्सेप्शन’ने भोवऱ्यावर नेमके तेच केले. इथे कॅफे उपांत्य आहे. ब्रूसची गोष्ट मिटवून, त्याची जागा दुसरा घेतो आहे हे दाखवण्यासाठी चित्रपट पुढे जातो, आणि हा क्रम लावणाऱ्यांच्या मनात ब्रूस जिवंत असण्याबद्दल काही शंका होती, असे मला वाटत नाही.

आपल्या मंडळात पुन्हा वाद झालाच, तर बॉम्बच्या स्फोटापासून ते शेवटच्या काळ्या पडद्यापर्यंतचा भाग एकदा आवाज पूर्ण बंद करून लावा. झिमर यांचे संगीत बाजूला झाले, की कोणता शॉट कोणाच्या नजरेचा आहे हे स्वच्छ दिसते. मग त्याच रीतीने विहिरीतून वर येण्यापासून सेलिनाच्या भेटीपर्यंतचा भाग पाहा. पहिल्या भागात प्रत्येक कट कोणाच्या तरी पाहण्यातून आलेला आढळेल. दुसऱ्यात कोणीच कशाकडे पाहत नाही, फक्त पुढे जाते. दोन्ही पाहून झाल्यावर आपल्या मित्रांचे काय म्हणणे पडते, ते मला अवश्य कळवा.